चौथा नट : जुनी गाडी, हरवलेली किल्ली आणि सहावीतला स्क्रू



सहावीच्या विज्ञानात ‘साधी यंत्रे’ हा पाठ आहे. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, स्क्रू. वर्गात तो दोन-तीन तासिकांत संपतो. प्रश्नोत्तरं लिहून होतात, आकृत्या काढून होतात आणि आपण पुढे जातो. मीही इतकी वर्षं तसाच पुढे जात होतो. गेल्या वर्षी जुलैमध्ये महामार्गाच्या कडेला, भर पावसात, हाच पाठ मला पुन्हा शिकावा लागला. म्हणून आजचा लेख थोडा वेगळा आहे. ज्यांच्या घरी वापरलेली चारचाकी आहे किंवा घ्यायचा विचार चालू आहे, त्या पालकांनी तर जरूर वाचावा.

त्याच्या आदल्या डिसेंबरात आम्ही एक वापरलेली छोटी गाडी घेतली. पहिले मालक कोल्हापूरचे निवृत्त बँक अधिकारी. गाडी जपून वापरलेली, सर्व्हिसची पावती न् पावती फाइलला लावलेली. आम्ही आरसी बघितली, विमा बघितला, पीयूसी बघितलं, मालकी बदलासाठी फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतल्या. इंजिन सुरू करून कान देऊन ऐकलं. माझ्या मेहुण्याने बॉनेटखाली वाकून तेलात बोट घातलं आणि मान डोलावली. स्टेपनी आहे का? आहे. जॅक? आहे. चाकाचा पाना? तोही आहे. झालं. पेढे वाटले.

जुलैतल्या एका रविवारी आईला पुण्याहून घेऊन येत होतो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते, डॉक्टरांना दाखवायचं होतं. परत येताना खंबाटकी घाट उतरलो, वेळे गाव मागे टाकलं आणि पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात डावं पुढचं चाक दाणकन आदळलं. खाली उतरून बघतो तर टायरची बाजूची भिंत कापली गेलेली. संध्याकाळचे सात वाजलेले, अंधार पडत आलेला, शेजारून ट्रक पाणी उडवत जातायत. मी मनात म्हटलं, वीस मिनिटांचं काम आहे. स्टेपनी काढली, पाना काढला. पहिला नट सुटला, दुसरा सुटला, तिसरा सुटला.

चौथ्या नटावर पाना बसेचना.

मोबाइलच्या उजेडात नीट बघितलं. बाकीचे तीन नट षटकोनी, हा मात्र गोल. त्याच्या तोंडावर फुलाच्या पाकळ्यांसारखी वेडीवाकडी खाच. पाना नुसता गोल फिरत होता. सात महिने गाडी चालवत होतो, धूत होतो, पुसत होतो. पण प्रत्येक चाकावरचा एक नट वेगळा आहे हे माझ्या कधी डोळ्यातच आलं नव्हतं!

## हा नट असतो कशासाठी?

अलॉय चाकं महाग असतात आणि ती चोरायला फार अक्कल लागत नाही. जॅक, पाना आणि रात्रीची वेळ एवढं पुरतं. सकाळी गाडी विटांवर उभी. म्हणून प्रत्येक चाकाला एक नट कुलपाचा लावतात. त्याच्या तोंडावर एक विशिष्ट नक्षी असते आणि त्याच नक्षीचा उलटा साचा असलेला एक छोटा तुकडा गाडीबरोबर मिळतो. अंगठ्याएवढा, लोखंडी. एका टोकाला नक्षी, दुसऱ्या टोकाला साधा षटकोन. नक्षी नटात बसवायची, षटकोनावर नेहमीचा पाना लावायचा आणि फिरवायचं. हीच त्या नटाची किल्ली. काही गाड्यांना नटाऐवजी बोल्ट असतात, तिथे कुलपाचा बोल्ट असतो. तत्त्व एकच.

गंमत बघा. या कुलपाला चार चाकांसाठी बहुधा एकच किल्ली. ती डिकीत, नाहीतर डॅशबोर्डच्या कप्प्यात, नाहीतर देव जाणे कुठे पडलेली असते. गाडी सुरू करायची किल्ली आपण देव्हाऱ्याशेजारी टांगतो. ही किल्ली मात्र वर्षानुवर्षं कुणी हातातही घेत नाही, कारण पंक्चर झालं तर टायरवाला बघतो. आणि तिथेच ती हरवते.

सुरूर फाट्यावरून एक टायरवाला मोटारसायकलवर आला. चाकाकडे एक नजर टाकून म्हणाला, “सर, ह्यो नट चावीचा हाय. चावी द्या.”

“किल्ली नाही माझ्याकडे.”

“मग काय खरं नाही.”

त्याने दोन-तीन गोट्या ठोकून बघितल्या. एकही मापाची निघाली नाही. तोपर्यंत मी 1033 ला फोन केला होता. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर हा क्रमांक लक्षात ठेवा. गस्तीची गाडी आली, त्यांनी मागे शंकू ठेवले, दिवा लावला. तेवढ्यानेसुद्धा जिवात जीव आला. खरी भीती गाडी अडकल्याची नव्हतीच. अंधारात मागून येणाऱ्या वाहनाला आपण दिसतो की नाही, याची होती. आईला चालवत नव्हतं. मी आणि बायकोने तिला दोन्ही बाजूंनी धरून कठड्याच्या पलीकडे नेलं, एका बंद टपरीच्या पत्र्याखाली बसवलं. तिथे ती दीड तास बसून होती. मला म्हणाली, “अरे, एवढी शाळा शिकवतोस, एक नट सुटेना व्हय?”

विम्याच्या रस्त्यावरील मदतीतून सपाट ट्रक आला आणि रात्री अकरा वाजता आम्ही गाडीसकट साताऱ्यात पोहोचलो.

## जरा डोके चालवा

आईचा प्रश्न अगदी बरोबर होता. एक नट का सुटत नाही? चला, सहावीचा पाठ उघडू.

स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. माझ्या गाडीच्या चाकाचा बोल्ट 12 मिमी जाडीचा आहे आणि त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर 1.5 मिमी. म्हणजे नट एक पूर्ण फेरा फिरला की 1.5 मिमी पुढे सरकतो. पाना 25 सेंमी लांबीचा धरा. एका फेऱ्यात तुमचा हात किती फिरतो? वर्तुळाचा परीघ काढा : 2 × 3.14 × 25, म्हणजे 157 सेंमी. हात 157 सेंमी फिरला, नट 1.5 मिमी सरकला. गुणोत्तर हजाराच्या वर!

आता गाडीच्या पुस्तकात बघा. चाकाचे नट किती घट्ट करायचे ते न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. माझ्या गाडीला 100 न्यूटन-मीटर. पाना पाव मीटरचा, म्हणजे टोकाला 400 न्यूटन बल लावायचं, साधारण 40 किलो वजनाएवढं. घर्षण नसतं तर या 400 चे हजारपट, म्हणजे चार लाख न्यूटन झाले असते. पण घर्षण असतं आणि ते भरपूर असतं. आपण लावलेल्या जोरातला साधारण नऊ दशांश भाग नटाच्या बुडाशी आणि आट्यांमध्ये घर्षणातच जातो. उरलेल्या एक दशांशाने बोल्ट ताणला जातो. तरीही तो ताण किती? चाळीस हजार न्यूटनच्या आसपास. चार टन वजन टांगल्यासारखं! एका नटाचं हे गणित. चारही नट मिळून चाकाला हबवर सोळा टनांनी दाबून धरतात.

इथे बरेच जण चुकतात. गाडीचं वजन बोल्ट ‘पेलतात’ असं वाटतं. खरं तर बोल्टचं काम दाबून धरण्याचं. चाक आणि हब यांच्यामधलं घर्षण ते वजन पेलतं. नट सैल झाले की हे घर्षण जातं, चाक बारीक हलायला लागतं आणि मग बोल्ट तुटतात. म्हणून ‘एक नट नसला तरी चालतंय’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आता जे घर्षण नट घट्ट धरून ठेवतं, तेच तो सोडवताना आडवं येतं. त्यात पावसाळ्याचा गंज घाला. सोडवायला घट्ट करण्यापेक्षाही जास्त जोर लागू शकतो. आणि तो जोर लावायचा कुठे? साध्या नटाला सहा सपाट बाजू असतात, पाना तिथे पकडतो. कुलपाच्या नटाची बाहेरची बाजू मुद्दाम गोल आणि गुळगुळीत. काही नटांना तर बाहेर स्वतंत्र फिरणारी कडी असते. तिला पकडलं की कडी नुसती फिरते, आतला नट जागच्या जागी! शिवाय पोलाद कडक केलेलं असतं, त्यामुळे ड्रिल त्याच्यावरून घसरतं. चोराला थकवायचं हा हेतू. पण तुमचा हात आणि चोराचा हात यातला फरक नटाला कळत नाही.

आणखी एक चूक माझ्या हातून झाली होती, ती दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने सांगितली. मी बाकीचे तीन नट आधी सैल केले. त्यामुळे चाकाचा सगळा तिरका भार त्या एकट्या चौथ्या नटावर आला आणि तो आणखी आवळून बसला. अशा वेळी उलट करायचं असतं. बाकीचे नट घट्टच ठेवायचे, चाक जमिनीवर टेकलेलं असू द्यायचं आणि कुलपाचा नट सर्वांत आधी सोडवायचा.

## किल्ली शोधायची कुठे?

सोमवारी सकाळी मी पहिल्या मालकांना फोन लावला.

“काका, गाडीची किल्ली...”

“दोन्ही दिल्या की तुम्हाला! एक नवी, एक वापरातली.”

“ती नाही हो. चाकाच्या नटाची.”

पलीकडे बराच वेळ शांतता. “चाकाला किल्ली असते?”

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. कारण सात महिने मीही याच प्रश्नात होतो. त्यांनी अलॉय चाकं लावून घेतली होती, दुकानदाराने हे नट बसवून दिले होते आणि ‘डिकीत एक पाकीट ठेवलंय’ एवढंच सांगितलं होतं. पाकिटात काय आहे हे त्यांनी कधी उघडून बघितलंच नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी गाडीच झाडून शोधा. बहुतेक वेळा ती किल्ली गाडीतच असते. डिकीतली चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा, तिच्या खालच्या थर्माकोलच्या साच्यात एखादा छोटा गोल खड्डा आहे का बघा. जॅकच्या पिशवीच्या तळाशी चाचपा. डॅशबोर्डचा कप्पा, सीटखाली, दाराचे खण, प्रथमोपचाराची डबी, मधल्या हातटेकूच्या आत. शोधताना डोळ्यांपुढे पाना नको, बाटलीच्या बुचासारखा जाड तुकडा ठेवा. मी एकदा तो हातात धरूनही ‘हे काहीतरी जॅकचं असेल’ म्हणून बाजूला टाकला असता.

गाडीत नाही मिळाली तर कागद बघा. बऱ्याच कंपन्यांच्या किल्लीवर आणि तिच्याबरोबर आलेल्या कार्डावर एक क्रमांक असतो. मॅकगार्डसारख्या, असे नट बनवणाऱ्या कंपनीची किल्लीसुद्धा त्या क्रमांकावरून पुन्हा मागवता येते. गाडीचं पुस्तक, सर्व्हिसची वही, चाकांचं बिल यात कुठेतरी ते कार्ड खोचलेलं असू शकतं. नट कार कंपनीचेच असतील तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. काही कंपन्या मर्यादितच नक्ष्या वापरतात आणि सेंटरकडे त्या सगळ्या नक्ष्यांचा संच असतो. ते एकेक लावून बघतात. जाताना आरसी बरोबर न्या. ‘माझ्याच गाडीचं कुलूप मोडायचंय’ असं म्हणणाऱ्या माणसाकडे कुणी कागद मागितला तर त्यात वाईट वाटून घेऊ नका.

आणि तिसरी जागा म्हणजे शेवटचा टायरवाला. काकांनी फोनवर आठवून आठवून सांगितलं की दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात चारही टायर बदलले होते. “मी बघून येतो,” म्हणाले आणि संध्याकाळी त्यांचा फोटो आला.

फोटोत टायरच्या दुकानातली भिंत होती. भिंतीवर खिळा, खिळ्याला जाड तारेचं कडं आणि कड्यात ओवलेल्या अकरा किल्ल्या. सगळ्या वेगवेगळ्या नक्षीच्या, काही गंजलेल्या. काम झालं, किल्ली गोटीत अडकून राहिली, गाडी निघून गेली. दुकानदाराने फेकल्या नाहीत, ओवून ठेवल्या. अकरा गाड्या कुठेतरी रस्त्यावर फिरतायत आणि त्यांच्या मालकांना अजून काहीच माहीत नाही.

## करून पहा

अकरांतून आपली कोणती? नटाचा फोटो पाठवून बघितला, पण खाचेत चिखल होता, नक्षी नीट कळेना. मग मी वर्गातला जुना प्रयोग केला. नट ब्रशने स्वच्छ केला, हस्तकलेच्या तासाची माती घेऊन त्याच्या तोंडावर दाबली आणि सावकाश काढली. मातीवर नक्षीचा उठाव आला. नटातली खाच म्हणजे मातीवरचा उंचवटा, म्हणजेच किल्लीचं तोंड कसं दिसेल त्याचा नमुना! तुम्ही ओला साबण वापरलात तरी चालेल. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला आणि पाकळ्या मोजल्या. काकांनी तिकडे एकेक किल्ली त्याच्याशी ताडून बघितली. सातवी जुळली.

कुरियरने पाठवा म्हटलं तर ऐकेनात. बुधवारी दुपारी लालपरीतून उतरून ते स्वतः साताऱ्याच्या स्टँडवर हजर. खिशातून रुमाल काढला, रुमालातून किल्ली. “माझ्या हातून राहिलेली वस्तू आहे, सर. मीच द्यायला पाहिजे.” आईला भेटले, गुडघ्याची चौकशी केली, चहा घेतला आणि पाचच्या गाडीने परत गेले. विकणाऱ्याने काय काय सांगावं, याचं सरकारी फॉर्मवर कुठेही रकाना नाही.

## तरीही एक नट सुटला नाही

गोष्ट इथे संपली असती तर मी लेख लिहिलाही नसता. गॅरेजमध्ये तीन चाकांचे नट किल्लीने सुटले. कापलेल्या टायरचा मात्र सुटेना. किल्ली आत बसत होती, पण जोर लावला की निसटत होती. भिंग लावून बघितलं तर नक्षीच्या दोन पाकळ्या झिजून गोल झाल्या होत्या.

हे कशाने होतं? टायरच्या दुकानात हवेवर चालणारी गन असते, तुम्ही तिचा आवाज ऐकला असेल, टर्रर्र. ती सलग जोर लावत नाही, एकामागून एक हातोडीसारखे घाव घालते. साध्या षटकोनी नटाला ते चालतं. पण कुलपाच्या नटाची खाच उथळ असते आणि किल्लीचे काठ पातळ. किल्ली किंचित तिरकी बसली तरी प्रत्येक घावाला काठ खाल्ला जातो. कधी किल्लीच तडकते आणि तुकडा आत अडकतो. म्हणून कुलपाचा नट नेहमी हाताने सोडवायचा आणि हातानेच घट्ट करायचा. टायरवाल्याला हे आधी सांगावं लागतं. घाईत तो ऐकत नाही, पुन्हा सांगावं लागतं.

गॅरेजवाल्याने मग जो उपाय केला तो बघण्यासारखा होता. त्याने बारा कोन असलेली एक जुनी गोटी निवडली, नटाच्या बाहेरच्या गोलाईपेक्षा किंचित लहान. ती नटावर ठेवली आणि मोठ्या हातोड्याने ठोकून बसवली. गोटीच्या कडा नटाच्या अंगात रुतल्या. आधी त्याने बाकीचे तीन नट पुन्हा घट्ट केले होते आणि चाक जमिनीवरच ठेवलं होतं. मग लांब दांडा लावला. इथे तरफ आठवा : दांडा पाव मीटरचा अर्धा मीटर केला की तेवढ्याच परिणामाला निम्मं बल पुरतं. त्याने झटके दिले नाहीत, अंगाचं वजन सावकाश दांड्यावर टाकत गेला. ‘कट्’ असा आवाज आला आणि नट हलला. बाजूला उभ्या असलेल्या माझ्या तोंडून नकळत टाळीच निघाली.

याच कामासाठी आतून उलट्या आट्यांच्या धारदार गोट्याही मिळतात. नट सोडवायच्या दिशेने फिरवाल तशा त्या अधिकच रुततात. फिरत्या कडीच्या नटाला मात्र आधी ती कडी काढावी लागते. त्यानेही जमलं नाही तर नटावर दुसरा नट वेल्ड करतात, नाहीतर ड्रिलने पोखरतात. हे शेवटचे दोन उपाय जाणकाराच्याच हातचे. वेल्डिंगच्या उष्णतेने अलॉयचा रंग जातो, टायरला धोका असतो, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सलाही असतो. ठोकाठोकी तुम्ही घरी करणारच असाल तर डोळ्यांवर चष्मा हवा, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीला हातोडा लावायचा नाही. हे मी शिक्षक म्हणून नाही, बाप म्हणून सांगतोय.

नवे नट घेताना सगळ्यांत जास्त चूक होते ती मापात. मारुती सुझुकीच्या गाड्यांचे आटे बहुधा 12 मिमीला 1.25 चे, ह्युंदाई, होंडा, टोयोटाचे 12 ला 1.5 चे. दोन्ही नट हातात घेतले तर सारखेच दिसतात. चुकीचा नट दोन फेरे जातो आणि अडकतो; गनने रेटला तर आटे कापले जातात. नटाचं बूडही बघावं लागतं. कुठे शंकूसारखं, कुठे गोलाकार, कुठे सपाट वॉशर. ज्या चाकाला जे बूड, तेच हवं. नाहीतर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण टेकलेला असतो नुसता एका कडेवर. अलॉयच्या चाकाला लागणारा नट स्टेपनीच्या लोखंडी चाकाला चालेलच असं नाही, हेही विचारून घ्या. नट आलटून-पालटून समोरासमोरचे घट्ट करायचे आणि 50 ते 100 किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासायचे.

मी चारही कुलपं काढून साधे नट लावले. आमची गाडी घराच्या अंगणात उभी असते, चाकंही काही फार किमती नाहीत. शहरात रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांनी, महागड्या चाकांच्या मालकांनी कुलपं जरूर ठेवावीत, पण दोन किल्ल्या मिळणारा संच घ्यावा. आणि वर सांगितलेले उपाय चोरालाही माहीत असतात, हे विसरू नये. कुलूप त्याचा वेळ खातं, एवढंच.

## रस्त्यावरच अडकलात तर

सगळ्याच पंक्चरला चाक काढावं लागत नाही. ट्यूबलेस टायरच्या तळव्यात खिळा घुसला असेल तर चाक जागेवर ठेवून, खिळा उपसून, रबराची चिकट वात भरून पंक्चर काढता येतं. हा छोटा संच आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप मी आता डिकीत ठेवतो. 2020 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल तर लहान गाड्यांना स्टेपनी सक्तीची नाही. हवा हळूहळू जात असेल तर पंपाने भरून जवळचं दुकान गाठा. पण बाजूची भिंत कापली असेल तर वात चालत नाही. तिथे किल्लीच लागते किंवा ट्रक. रिकाम्या टायरवर गाडी रेटत नेऊ नका. टायर जातोच, चाकही जातं.

आणि जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकून झाल्यावर खाली बसा. चारही चाकांचे नट मोजा. एखादा वेगळा दिसला तर ‘याची किल्ली दाखवा’ म्हणा. दाखवली तर तिथेच, मालकासमोर, चारही चाकांवर लावून प्रत्येक कुलपाचा नट हाताने थोडा सैल करून पुन्हा घट्ट करा. दहा मिनिटं लागतात. नुसती किल्ली बघून समाधान मानू नका. आमची किल्ली तीन नटांना लागली होती, चौथ्याला नाही. नट सुटला नाही तर तो काढून द्यायचा खर्च कुणाचा, हे पैसे मोजण्याआधी ठरवा. घरी आल्यावर किल्लीवरच्या क्रमांकाचा फोटो काढा, किल्लीला लाल रिबीन बांधा आणि स्टेपनीच्या पान्याबरोबरच ठेवा. टायरच्या दुकानात ती आपल्या हाताने द्या आणि गाडी हलवण्यापूर्वी आपल्या हाताने परत घ्या.

## स्वाध्याय

1. पाना 25 सेंमीऐवजी 40 सेंमीचा घेतला, तर 100 न्यूटन-मीटरसाठी टोकाला किती बल लावावं लागेल? उत्तर न्यूटनमध्ये द्या आणि तेवढं वजन तुम्ही उचलू शकता का ते सांगा.

2. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून नट तेवढ्याच जोराने घट्ट केला, तर बोल्टवरचा ताण वाढेल की कमी होईल? वर दिलेलं घर्षणाचं गणित वापरून कारण लिहा. (हा प्रश्न पालकांनीही सोडवावा.)

3. घरी, शेजारी किंवा मामाकडे चारचाकी असेल तर मोठ्यांना बरोबर घेऊन चाकांचे नट बघा. कुलपाचा नट आढळला तर त्याची किल्ली शोधून काढा. मिळायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा आणि सोमवारी वर्गात सांगा.